अँथनी गोन्साल्विस नावाचे एक गृहस्थ होते

अँथनी गोन्साल्विस हे नाव ठाऊक नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडणं कठीण. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी' आला आणि त्यात भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर पडलेल्या अमिताभ बच्चननं हे नाव गाऊन सांगितलं. डोक्यावर उंच टोपी, डोळ्यावर चष्मा, हातात छत्री. तेव्हापासून ते नाव लग्नाच्या वरातीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात, गणपतीच्या मंडपात वाजत आलं आहे. पण या नावाचा एक खराखुरा माणूस होता, तो गाण्यातल्या अँथनीसारखा अजिबात नव्हता आणि त्यानं आपल्या रागांचं संगीत शंभराहून अधिक वादकांच्या ताफ्याकडून वाजवून घेतलं होतं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ सालचा, दक्षिण गोव्यातल्या माजोर्डा गावचा. वडील गावच्या चर्चमध्ये गायनवृंदाचे प्रमुख होते. अशा गुरुजींना गोव्यात 'मेस्त्र' म्हणत. पोर्तुगीज अमलात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना प्रार्थनेबरोबर कागदावरचे सूर वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवलं जाई. त्यामागचा हेतू धर्माचा होता, पण त्याचं फळ वेगळंच निघालं. कागद समोर ठेवला की पूर्वी कधी न ऐकलेली चाल जशीच्या तशी वाजवतील, अशी माणसं गोव्यातल्या गावागावांत तयार झाली. आपल्याकडे गुरूच्या तोंडून ऐकून शिकायची रीत, त्यामुळे ही विद्या सहसा कुणाजवळ नसे. मुंबईत बोलपट सुरू झाले, गाण्यांमागची वाद्यं वाढू लागली, तेव्हा या विद्येला भाव आला आणि गोव्याची मंडळी पेटीत व्हायोलिन घालून मुंबईला निघाली. गोन्साल्विस १९४३ साली मुंबईत आले. वय अवघं सोळा. नौशाद यांच्या ताफ्यात ते व्हायोलिन वाजवू लागले.

तिथे त्यांनी जे काम केलं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण पडद्यावर ते दिसत नाही. आमच्या वरकुट्यात लग्नाला बँड येतो, त्याचंच उदाहरण घेऊ. क्लॅरिनेटवाला गाणं वाजवतो, ट्रम्पेटवाला तेच गाणं उचलतो, ढोल ठेका धरतो. गाणं सर्वांना पाठ असतं, त्यामुळे कागद लागत नाही. आता समजा, याच बँडमास्तरला सांगितलं की क्लॅरिनेटनं चाल धरायची, त्याच वेळी ट्रम्पेटनं निराळे सूर वाजवायचे, तिसऱ्यानं त्याखालचे लांब सूर धरून ठेवायचे, आणि हे सगळं मिळून कानाला गोड लागलं पाहिजे. मग कुणीतरी आधी बसून प्रत्येकाच्या वाट्याचं लिहून काढायला हवं. ते लिहून देणारा तो अरेंजर. आणि पुढे उभा राहून कुणी केव्हा सुरू करायचं, केव्हा हळू व्हायचं हे हातानं दाखवणारा तो कंडक्टर. आपल्याकडे कंडक्टर म्हटलं की एस.टी.तला आठवतो, पण काम तसं फारसं वेगळं नाही. सगळी मंडळी एका वेळी, एका ठिकाणी पोचली पाहिजेत!

संगीतकार पेटीवर मुखडा आणि अंतरा बांधत. मुखडा संपल्यानंतर अंतरा सुरू होईपर्यंत जे व्हायोलिनचे ताफे उठतात, मधूनच बासरी डोकावते, गायकाच्या सुरामागे सावलीसारखे दुसरे सूर सरकतात, त्यातलं कितीतरी अरेंजरच्या टेबलावर लिहिलं जाई. ध्वनिमुद्रण एका दमात चाले. गायक, तबला, वीस-पंचवीस व्हायोलिनं, सगळं एकदम. एकाचा सूर चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. अशा वेळी अचूक लिहिणारा माणूस सोन्यासारखा. 'महल' (१९४९), 'नया दौर' (१९५७) अशा चित्रपटांच्या संगीताशी गोन्साल्विस यांचं नाव जोडलेलं आहे. शंकर-जयकिशन यांच्याकडे हेच काम सेबॅस्टियन डिसोझा करत, सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला'च्या संगीतात ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांचा वाटा होता. दोघेही गोव्याचे. पडद्यावर मात्र संगीतकाराचं नाव मोठ्या अक्षरात येई, आणि ही मंडळी आलीच तर 'सहायक' म्हणून. रेडिओवर गाणं लागलं की गायक, गीतकार, संगीतकार, चित्रपट अशी चार नावं सांगण्याची पद्धत. त्यात पाचवं नाव कधी बसलंच नाही. मला ही गोष्ट खटकते.

गोन्साल्विस शिकवतही असत. त्यांच्या शिष्यांत दोन मुलगे होते. एक सचिनदेव बर्मन यांचा राहुल, दुसरा ट्रम्पेटवादक रामप्रसाद शर्मा यांचा प्यारेलाल. पुढे ही दोन्ही मुलं काय झाली ते सांगायला नको.

पण चित्रपटाच्या कामावर गोन्साल्विस यांचं समाधान नव्हतं. त्यांच्या मनानं एक अवघड प्रश्न घेतला होता: आपला राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचं लग्न लावता येईल का? अवघड कसा, ते सांगतो. तुकोबारायांची पालखी आमच्या तालुक्यातून निमगाव केतकीवरून इंदापूरला येते, तेव्हा हजारो कंठ गातात, पण गातात एकच चाल. भजनी मंडळातही तसंच, दहा टाळकरी असोत की शंभर, सूर एक. आपलं संगीत असं एका रेषेवर चालतं. त्या रेषेची वळणं, मींड, कण यांतच त्याचं वैभव. पाश्चात्त्य संगीत एका वेळी अनेक सूर उभे करतं, घराच्या मजल्यांसारखे. त्या घराचा पाया म्हणजे सा, ग आणि प हे तीन सूर एकत्र. पेटी शिकणारं पोरही हा मेळ सहज दाबून पाहतं.

आता गोन्साल्विस यांनी हाती घेतला सारंग. भर दुपारचा राग. त्याचं सर्वांच्या परिचयाचं रूप म्हणजे वृंदावनी सारंग, आणि त्यात गंधार आणि धैवत वर्ज्य! म्हणजे घर बांधायला निघालात आणि पायाचा मधला दगडच नाही. गंधार लावला तर मेळ जमतो, पण सारंग जातो. नाही लावला तर सारंग राहतो, पण पाश्चात्त्य कानाला पोकळ वाटतं. मग प, नी, रे असे रागात बसणारे मेळ शोधायचे, नाहीतर एकावर एक मजले न चढवता रागातल्याच दोन-तीन रेषा एकमेकींच्या शेजारून चालवायच्या. चित्रपटातल्या तीन मिनिटांच्या गाण्यात हा प्रश्न हसत टाळता येतो. वाद्यवृंदासाठी मोठी रचना करायची तर टाळता येत नाही. गोन्साल्विस यांनी सारंगात कॉन्चेर्तो, म्हणजे एक प्रमुख वाद्य आणि त्याला साथसंगत करणारा पूर्ण वाद्यवृंद अशी रचना लिहिली. 'सोनातिना इंडियाना' ही त्यांची आणखी एक रचना.

मुंबईला हा विषय अगदीच नवा नव्हता. मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला होता. त्यांचे चिरंजीव झुबिन १९५४ साली व्हिएन्नाला शिकायला गेले आणि जगप्रसिद्ध कंडक्टर झाले. हिटलरच्या छायेतून निसटून मुंबईला आलेले वॉल्टर कॉफमन हे ज्यू संगीतकार इथल्या नभोवाणी केंद्रात पाश्चात्त्य संगीत विभाग सांभाळत. आकाशवाणी सकाळी सुरू होताना जी धून वाजते, ती त्यांची. शिवरंजनीची छाया असलेली ती धून ऐकत आपण मोठे झालो, आणि ती एका परदेशी माणसानं रचली हे कळल्यावर आजही लोक चकित होतात. पण मुंबईच्या सिंफनीत वाजे ते बहुधा युरोपातलं. भारतीय रागावर उभी केलेली मोठी रचना, भारतीय वादकांकडून, भारतीय रचनाकाराच्या हातून, हा गोन्साल्विस यांचा हट्ट होता.

तो हट्ट १९५८ च्या एप्रिलमध्ये पुरा झाला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचं दगडी बांधणीचं प्रांगण, ११० वादक, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. रचना गोन्साल्विस यांच्या. त्यांचं वय होतं जेमतेम तीस. स्टुडिओतली स्पर्धा, संगीतकारांचे गट, धर्म आणि भाषांचे भेद, हे सगळं बाजूला सारून इतकी माणसं एकत्र बसवणं हीच मोठी गोष्ट होती. पंडित रविशंकर यांनी लंडनमध्ये सतारीचा पहिला कॉन्चेर्तो सादर केला तो १९७१ साली. त्याच्या तेरा वर्षं आधीची ही गोष्ट आहे.

मग पुढे काय झालं? पुढे फारसं काही झालं नाही, आणि इथेच या माणसाच्या आयुष्यातली खरी अडचण आहे. इंग्लंडमध्ये व्हॉन विल्यम्स या संगीतकारानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खेडोपाडी फिरून शेतकऱ्यांची गाणी गोळा केली आणि ती आपल्या रचनांत आणली. त्याची वाट गोन्साल्विस यांच्याच जातीची. पण त्याच्या देशात बारा महिने पगारावर बसणारे वाद्यवृंद तयार झाले. बी.बी.सी.नं १९३० साली स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला, एड्रियन बोल्ट त्याचे कंडक्टर, आणि खर्च चाले लोकांच्या रेडिओ परवान्याच्या पैशावर. रचना लिहावी, ती वाजवली जावी, ऐकावी, दुरुस्त करावी, पुन्हा वाजवावी, असं चक्र तिथे फिरत राहिलं. गोन्साल्विस यांचे वादक दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा स्टुडिओत हजर व्हायचे, कारण रोजी तिथे मिळे. कवी कागद-पेन्सिलीवर जगतो. चित्रकाराला एक भिंत पुरते. वाद्यवृंदाच्या रचनाकाराला मात्र शंभर माणसांची चूल रोज पेटती ठेवावी लागते.

१९६५ साली अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठाची मदत मिळाली आणि गोन्साल्विस तिकडे गेले. परत आले ते मुंबईच्या चित्रपटसृष्टीत रमले नाहीत, माजोर्ड्याच्या घरी राहिले. ध्वनिमुद्रणाच्या खोलीतून ते नाव हळूहळू पुसलं गेलं. एवढ्यात १९७७ साली लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्याकडे 'अमर अकबर अँथनी'चं काम आलं आणि प्यारेलालनी नायकाला आपल्या गुरुजींचं नाव दिलं. शिष्यानं गुरूला दक्षिणा द्यावी ती अशी. गाणं विनोदी, गुरुजी गंभीर, हा योग जरा विचित्र खरा, पण त्या एका गाण्यानं जे केलं ते मोठमोठ्या मानपत्रांना जमलं नसतं.

चित्रपट समीक्षक अशोक राणे यांनी गोन्साल्विस यांच्यावर माहितीपट केला, त्यामुळे उतारवयातला त्यांचा चेहरा आणि आवाज तरी आपल्याकडे राहिला. १८ जानेवारी २०१२ रोजी ते गेले. प्यारेलाल शर्मा यांना २०२४ साली पद्मभूषण मिळालं.

मुंबईत २००६ पासून राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राचा, म्हणजे एन.सी.पी.ए.चा, कायमस्वरूपी सिंफनी ऑर्केस्ट्रा आहे. १९५८ साली गोन्साल्विस यांना जे हवं होतं, ते त्यांच्या हयातीतच त्याच शहरात उभं राहिलं. सारंगातला कॉन्चेर्तो वाजवायचा तर प्रत्येक वादकाच्या वाट्याचा कागद वेगळा उतरवून घ्यावा लागेल, सराव करावा लागेल आणि रागाची चाल जाणणारा कंडक्टर पुढे उभा करावा लागेल. यातलं कुठलंही काम १९५८ पेक्षा आज अधिक अवघड नाही.