जोडताना एक, मोडताना दोन

लासूर स्टेशन हे निजामाच्या मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर वाढलेले बाजाराचे गाव. तेथून जवळच, खुलदाबादेस, ज्याची साधीसुधी कबर आहे त्या औरंगजेबाच्या आज्ञेवरून सतराव्या शतकात विद्वानांनी ‘फतावा-ए-आलमगिरी’ हा सुन्नी इस्लामच्या हनफी मताचा निर्णयसंग्रह सिद्ध केला, आणि या टापूतील काजी पिढ्यानपिढ्या हनफी मतानुसारच निकाह लावीत आले. इकडे घाटाखाली कुलाब्याच्या किनाऱ्यावर, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ या नावाने ओळखले जाणारे मराठीभाषी यहुदी, म्हणजे बेने इस्रायल, राहत होते. त्यांच्यातही झिराडकर, शापूरकर व राजपूरकर या घराण्यांकडे धर्मकृत्ये व तंटे पाहण्याचे काम परंपरेने असे, आणि त्या अधिकाऱ्यांनाही काजीच म्हणत. एकाच हुद्द्याच्या आश्रयाने नांदलेल्या या दोन धर्मशास्त्रांना गेल्या दीडशे वर्षांत वेगळ्या वाटा कोठे फुटल्या, हे विवाहाच्या अंगाने पाहिल्यास स्पष्ट होते.

विवाह जोडताना दोहोंत फारसे अंतर नाही. निकाहात दोन साक्षीदारांसमक्ष प्रस्ताव व स्वीकार होऊन मेहेर ठरतो आणि काजीच्या दप्तरी नोंद होते. यहुदी विवाहात साक्षीदारांच्या सह्यांचा केतुबा वाचला जातो, आणि पतीने सोडल्यास अथवा तो निवर्तल्यास पत्नीस द्यावयाची रक्कम त्यात नमूद असते. भेद उपजतो तो विवाह मोडताना. हनफी मते पतीने उच्चारलेला तलाक पुरेसा होई. यहुदी शास्त्रात नुसत्या उच्चारास किंमत नाही, त्या दाम्पत्याच्याच नावे लिहिलेले ‘गेट’ नामक फारकतपत्र साक्षीदारांदेखत पत्नीच्या हाती पडावे लागते. पती बेपत्ता झाला, तर मात्र दोन्हीकडची स्त्री सारखीच अडकून पडे. हनफी मत तिला पतीचे समवयस्क हयात असेतो थांबावयास सांगे, आणि गेटवाचून खोळंबलेल्या स्त्रीस यहुदी लोक ‘अगुना’ म्हणत.

1864 साली इंग्रज सरकारने काजी नेमण्याची पद्धत मोडली. 1880 च्या कायद्याने नेमणुकीची सोय पुन्हा झाली, परंतु न्यायदानाचा अधिकार परत आला नाही. पुढे 1937 साली शरियतविषयक कायदा झाला, आणि 1939 च्या कायद्याने, पती चार वर्षे बेपत्ता असल्यास वा दोन वर्षे पोटगी देत नसल्यास, मुस्लिम पत्नीस दिवाणी न्यायालयातून विवाहविच्छेद मागता येऊ लागला. ही सवलत मालिकी मतातून उचललेली होती. चारही सुन्नी मते परस्परांस प्रमाण मानीत असल्यामुळे हनफी स्त्रीला शास्त्राबाहेर न जाता शेजारच्या मताचा आसरा मिळाला. निजामाच्या अमलाखालून आलेल्या लासूरसारख्या गावांना 1937 चा कायदा लागू झाला तो 1959 च्या विस्तार-कायद्याने.

बेने इस्रायलांचा वारसा 1925 च्या भारतीय वारसा कायद्याखाली गेला. विवाहासाठी मात्र त्यांना स्वतंत्र कायदा मिळालाच नाही, रूढी आणि न्यायालये यांवरच त्यांचा निर्वाह चालला. पुढे इस्रायलात गेल्यावर त्याचा जाब त्यांना तेथे द्यावा लागला. रब्बींवाचून शतके काढलेल्या या समाजात फारकती शास्त्रोक्त झाल्या होत्या काय, अशी शंका घेऊन तेथील प्रमुख रब्बींनी 1961-62 च्या सुमारास, इतर यहुदींशी त्यांचा विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या वंशावळीची छाननी करावी, असा हुकूम काढला. कारण गेटवाचून पुनर्विवाह केलेल्या स्त्रीची संतती शास्त्राने विवाहास अपात्र ठरते. निदर्शने झाली, आणि 1964 मध्ये इस्रायली संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. अगुनेचा प्रश्न तेवढ्याने सुटणारा नव्हता. गेट पतीनेच द्यावयाचे असल्यामुळे यहुदी न्यायपीठाला त्याच्या जागी सही करता येत नाही, केवळ त्यास भाग पाडता येते. बाराव्या शतकात यहुदी धर्मशास्त्री मैमोनिदीस याने गेट नाकारणाऱ्या पतीस, तो राजी आहे असे म्हणेपर्यंत, मारण्याचीही मुभा दिली होती, आणि 1995 च्या इस्रायली कायद्याने त्याचा वाहन-परवाना रद्द करण्यापासून तुरुंगापर्यंतचे उपाय न्यायपीठाच्या हाती दिले. एका शास्त्रात न्यायाधीश पतीच्या जागी उभा राहू शकला आणि दुसऱ्यात त्याला पतीच्याच मागे लागावे लागते. या दीडशे वर्षांच्या हिशेबात साऱ्या साम्याहून मला हा भेद अधिक वजनदार वाटतो.