अंगठा गेला, ओटीपी आला!

सावकाराच्या कोऱ्या कागदावर आपल्या आजोबांनी अंगठा उठवला. बाप शिकला, सही करू लागला. आता नातू दुकानासाठी कर्ज काढायला जातो, तेव्हा एजंट म्हणतो, "फक्त ओटीपी सांगा, बाकीचं मी बघतो." हा ओटीपी म्हणजेच सही, हे त्याला कोण सांगणार?

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. २००८ च्या दुरुस्तीने त्यात इलेक्ट्रॉनिक सही आली. कलम १०-अ नुसार, करार केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून अमान्य ठरवता येत नाही. आधारवरच्या ई-साइनचा ओटीपी टाकला की तुमची सही झाली! (मृत्युपत्राला मात्र ही सही आजही चालत नाही.)

पण सही म्हणजे संमती नव्हे. १८७२ चा करार कायदा सांगतो, दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता दिली तरच ती संमती. वीस पानांचा इंग्रजी करार मोबाईलवर भराभर सरकवून घेतलेला ओटीपी ही कसली संमती? परंतु फसवणूक झाली हे कोर्टात सिद्ध करायचे ओझे आपल्याच डोक्यावर येते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डिजिटल कर्ज देणाऱ्याने व्याज व शुल्क दाखवणारे पत्रक आणि सही झालेला करार कर्जदाराला दिलाच पाहिजे. पत्रक ओटीपीच्या आधी मागा. वस्तीतल्या वकील झालेल्या लेकीकडून वाचून घ्या. एजंटाला घाई असेल तर त्याला म्हणावे, उद्या या.