दुकानांसाठी बांधलेलं थिएटर
लेखमाला : पडदा आणि परिसर – भाग ५

गेल्या आठवड्यात आपण वास्तुकार जॉन एबरसन यांची १९२०नंतरच्या दशकातली थिएटरं पाहिली. छतावर निळं आकाश, त्यात लुकलुकणारे विजेचे तारे, भिंतींवर स्पॅनिश थाटाचे सज्जे आणि मनोरे. टॅम्पा किंवा सॅन अँटोनिओची ही थिएटरं भर शहरात होती. १९२९ची मंदी आली आणि असा डामडौल कुणालाच परवडेना. एबरसन यांनी तारे आणि मनोरे बाजूला ठेवले, सरळ वाहत्या रेषांची आर्ट डेको शैली धरली आणि ते उपनगरांची कामं घेऊ लागले. त्या कामांपैकी एक म्हणजे वॉशिंग्टनच्या वेशीवरचं ‘सिल्व्हर’.

अमेरिकेच्या राजधानीची उत्तरेकडची हद्द ओलांडली की लगेच मेरीलँड राज्यातलं सिल्व्हर स्प्रिंग लागतं. रूझवेल्ट यांच्या काळात सरकारी खाती वाढली, कारकून-अधिकारी वाढले आणि त्यांची घरं इकडे सरकली. दाराशी मोटार आली होती, पण खरेदीला अजून शहरातच जावं लागे. हा वर्ग इथेच थांबवायचा, तर दुकानं हवीत आणि गाडी लावायला जागा हवी. विल्यम अलेक्झांडर ज्युलियन यांनी तो हिशेब मांडला. हे गृहस्थ तेव्हा अमेरिकेच्या सरकारी तिजोरीचे खजिनदार होते. डॉलरच्या नोटांवर त्यांची सही असे. जॉर्जिया अव्हेन्यू आणि कोल्सव्हिल रोड जिथे मिळतात त्या मोक्याच्या चौकात त्यांनी दुकानांचं संकुल उभारलं, त्याला जोडून थिएटर बांधलं आणि दुकानांच्या पुढे, रस्त्यालगत पार्किंग ठेवलं.

या मांडणीतली हुशारी पार्किंगमध्ये आहे. दुकानांची गर्दी दिवसाची, सिनेमाची संध्याकाळची. म्हणजे एकच जागा दोनदा कामाला येते. शिवाय सिनेमाला आलेलं कुटुंब खेळाआधी काचेआडचा माल पाहतं आणि शनिवारी तो घ्यायला परत येतं. तिकिटांतून थिएटरला काय मिळालं एवढ्यावर हा धंदा तोलला जात नव्हता. दुकानांच्या भाड्यात थिएटरची कमाई दडलेली होती. १५ सप्टेंबर १९३८ रोजी ‘फोर डॉटर्स’ या चित्रपटाने हजाराहून अधिक खुर्च्यांचं ‘सिल्व्हर’ सुरू झालं. वर्षभरात नाही, पण नऊ वर्षांत या जागेचं पाणी सर्वांना कळलं. १९४७ साली वॉशिंग्टनच्या हेक्ट कंपनीने आपलं मोठं डिपार्टमेंट स्टोअर सिल्व्हर स्प्रिंगमध्ये उघडलं.

ही भरभराट सगळ्यांची नव्हती, हेही सांगायला हवं. इथल्या अनेक घरांच्या खरेदीखतांत कृष्णवर्णीयांना घर विकू नये अशी अट लिहिलेली असे. अशा अटी न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला. तरीही हॉटेलं, थिएटरं यांसारख्या ठिकाणचा वर्णभेद मोडायला सिल्व्हर स्प्रिंग ज्यात येतं त्या मॉन्टगोमेरी काउंटीला १९६२मध्ये वेगळा कायदा करावा लागला. जुन्या थिएटरच्या आठवणी रम्य असतात, पण त्या कुणाच्या, हे विचारूनच ऐकाव्यात.

‘सिल्व्हर’ला उतरती कळा लागली ती ज्या मोटारीने त्याला जन्म दिला तिच्यामुळेच. १९६० साली जवळच व्हीटन प्लाझा हा मॉल उघडला. १९६४मध्ये राजधानीभोवतीचा बेल्टवे पूर्ण झाला आणि गिऱ्हाइकाला आणखी लांबचे मॉल सोपे झाले. टीव्ही होताच. त्यात एकपडदा थिएटरचं गणित मुळातच नाजूक. चित्रपट पडला तर हजार खुर्च्या रिकाम्या. चालला तरी पहिल्या आठवड्यांतल्या गल्ल्याचा मोठा वाटा वितरकाचा. चार-सहा पडद्यांचा मालक पडलेला चित्रपट लहान हॉलमध्ये ढकलतो आणि चाललेल्याला मोठा हॉल देतो. एका पडद्याच्या मालकाला ती सोय नाही. १९८४ साली ‘सिल्व्हर’ बंद पडलं.

पुढची जवळपास दोन दशकं ते कुलूपबंद राहिलं. आर्ट डेको सोसायटी ऑफ वॉशिंग्टनने आणि स्थानिक वारसाप्रेमींनी ते पाडू नये म्हणून नेट लावला. पण पाडू नका म्हणणं एक आणि त्याचं करायचं काय हे सांगणं दुसरं. १९९०नंतर सिल्व्हर स्प्रिंगच्या मध्यवस्तीला एकामागून एक भव्य योजना सुचवल्या गेल्या. त्यांतली सगळ्यात अचाट म्हणजे ‘अमेरिकन ड्रीम’: मिनेसोटातल्या ‘मॉल ऑफ अमेरिका’वाल्यांचा अवाढव्य मॉल, कृत्रिम लाटांच्या तलावासकट. पैशाची जुळणी होईना, तेव्हा काउंटीचे प्रमुख डग डंकन यांनी १९९६मध्ये ती गुंडाळली.

त्यानंतर काउंटीने लहान पण पेलणारं पाऊल टाकलं. चालत फिरता येईल अशी बाजारपेठ, डिस्कव्हरी कम्युनिकेशन्सचं मुख्यालय आणि मध्ये दिवे लागलेलं जुनं थिएटर. थिएटर काउंटीच्या मालकीचं आणि चालवायला अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूट. आता मूळ हॉलच्या खुर्च्या चारशेवर आणल्या आणि शेजारी नव्या बांधकामात दोनशे आणि पंचाहत्तर आसनांचे आणखी दोन हॉल काढले. म्हणजे जुन्या हॉलची चिरफाड न करता तीन पडद्यांचं गणित साधलं. डिजिटलबरोबरच जुन्या रिळांसाठी, अगदी ७० मिलिमीटरसाठीही, प्रोजेक्टर ठेवले. कारण संग्रहालयातून आलेली जुनी प्रत दुसरीकडे कुठे दाखवता येत नसेल, तर रसिक लांबूनही येतो. एप्रिल २००३मध्ये ‘एएफआय सिल्व्हर’चा पडदा उजळला.

१९३८मध्ये खासगी बिल्डरने मांडलेला हिशेब २००३मध्ये सरकारने मांडला. थिएटरने माणसं आणावीत आणि कमाई आजूबाजूच्यांनी करावी. फरक एवढाच की मधल्या काळात हा हिशेब मांडायला खासगी मालक तयार राहिला नव्हता. करदात्यांचा पैसा सिनेमावर का, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर तिकीट खिडकीत शोधून सापडत नाही. २०१८मध्ये डिस्कव्हरीने मुख्यालय हलवण्याचा निर्णय जाहीर केला. जिच्यासाठी एवढा थाट केला ती बडी कंपनी गेली आणि थिएटर मात्र चालू राहिलं. उद्योगाला आणखी चांगली जागा मिळाली की तो उठतो. थिएटरला उठून जाता येत नाही, म्हणून परिसराची बाजू त्यालाच सांभाळावी लागते.

याच काउंटीत, १९३८मध्येच, एबरसन यांचंच दुसरं थिएटर बेथेस्डात उभं राहिलं होतं. तेही वाचलं, पण वेगळ्या वाटेने: डोक्यावर निवासी इमारत आली आणि आत संगीताचे कार्यक्रम होऊ लागले. वास्तू टिकली, खेळ बदलला. कुठली वाट योग्य, हे वास्तूच्या सौंदर्यावरून ठरत नाही. तिथे पुन्हा-पुन्हा येणारा प्रेक्षक कोण आणि त्याच्या येण्याचा फायदा कुणाच्या पदरात पडतो, त्यावरून ते ठरतं.

पुढच्या आठवड्यात हाच प्रश्न घेऊन मुंबईत येऊ. १९३८मध्येच धोबी तलावाला न्यूयॉर्कच्या थॉमस लॅम्ब यांच्या आराखड्यानुसार ‘मेट्रो’ उघडलं, भिंतींवर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांची चित्रं घेऊन. २००६मध्ये त्याच्या मोठ्या हॉलचे तुकडे होऊन मल्टिप्लेक्स झालं. ‘सिल्व्हर’ने शेजारी जागा शोधली, ‘मेट्रो’ने पोटातच. त्या निर्णयाची कारणं आणि त्याची किंमत, दोन्ही पाहू.