रेहल हाताची की मशीनची?

मोहम्मद अली रोडवर नक्षीची रेहल घ्यायला गेलात की दुकानदार हमखास म्हणतो, "पूरा हाथ का काम है." पण कारागिराने त्यात विजेचं ड्रिल वापरलं असेल तर ती हाताची राहिली का?

राहिली. जीएसटीसाठी सरकारने २०१८ साली हस्तकलेची व्याख्या केली. वस्तू मुख्यतः हाताने बनलेली हवी, थोडीफार यंत्रं वापरली तरी चालतील, असं त्यात आहे.

रेहल बनते कशी ते पाहा. फळी एकच असते. दोन्ही टोकांकडून ती जाडीत मधोमध चिरत आणायची आणि मध्यभागी बिजागरीपाशी थांबायचं. मग दोन्ही बाजूंनी पटाशीने एकाआड एक दाते कोरायचे. ते बरोबर सुटले की फळी कात्रीसारखी उघडते. खिळा नाही, जोड नाही. एक घाव चुकला तर सगळी फळी वाया. फळी चिरायला विजेची करवत लावली किंवा जाळीची भोकं ड्रिलने पाडली, तर कारागिराचे कष्ट वाचतात, हुनर जात नाही. सहारनपूरच्या शिसमच्या कामात पुष्कळ मुस्लिम घरांची रोजीरोटी आहे, त्यांनी गिरमिटच फिरवत बसावं हा हट्ट कशाला?

सीएनसी राउटरची गोष्ट वेगळी. तिथे कॉम्प्युटरमधलं डिझाईन मशीन स्वतः कोरतं, माणूस फक्त फळी लावतो. तेही विकावं, स्वस्त मिळतं तर घ्यावंही. पण "हाथ का" म्हणून विकलं की खऱ्या कारागिराला त्याच भावाशी झुंजावं लागतं, आणि मार त्याच्या मजुरीवर बसतो.

ओळखायचं कसं? एकाच नक्षीच्या दोन रेहली शेजारी ठेवा. पान न् पान सारखं असेल तर शंका घ्या. खोलगट नक्षीचे आतले कोपरे पाहा: गोल फिरणाऱ्या पात्याने ते बहुधा गोलसर राहतात, पटाशीने टोकदार निघतात. कधी कडेला जळाल्यासारखा काळा डागही दिसतो. अर्थात मशीनवर काढून वरून पटाशी फिरवलेला मालही असतो, म्हणून दुकानदाराला सरळ विचारा, "सीएनसी का है क्या?"

घरात कुणी हे काम करत असेल तर आणखी एक. विजेच्या हत्याराने भुसा फार बारीक उडतो. लाकडाची धूळ कॅन्सरला कारण ठरते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९५ सालीच नोंदवलंय. तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही. चांगला मास्क हवा, आणि बंद खोलीत सँडर चालवू नये.