पेल्याचा आकडा

टोंकखुर्दच्या बाजारात प्लॅस्टिकचा पेला विकत घेणाऱ्यास तो केवळ पेला वाटतो. जकात-अधिकाऱ्यास मात्र तो प्रथम एक आकडा असतो. परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक जिनसेस असा आकडा द्यावा लागतो, कारण जकातीचा दर त्यावरूनच ठरतो. या आकड्यांची जागतिक पद्धत १९८८ साली अमलात आली. तीतील ३९ वे प्रकरण प्लॅस्टिकचे. पाणी पिण्याचा पेला ३९२४ खाली, जेवणाच्या व स्वयंपाकाच्या भांड्यांत बसतो. तोच काचेचा असल्यास ७०१३ मध्ये आणि भातुकलीतला असल्यास ९५०३ खाली, खेळण्यांत जातो.

खरी पंचाईत बाटलीची! सरबत भरून विकण्यासाठी बनविलेली बाटली ३९२३, कारण ती माल भरण्याचे साधन. शाळेत पाणी नेण्याची बाटली ३९२४. निर्णय करावयाचा तो घडण व मूळ हेतू पाहून. सरबताच्या रिकाम्या बाटलीत पुढे कोणी पाणी भरले, म्हणून तिचा आकडा पालटत नाही. आकडा चुकला आणि जकात कमी भरली गेली, तर आयात करणाऱ्यावर उरलेली रक्कम व्याजासह भरण्याचा आणि कधी दंडाचाही प्रसंग येतो.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा करासाठीही हेच आकडे वापरले जातात. त्यामुळे समुद्रापासून इतक्या दूरच्या आमच्या देवास जिल्ह्यातही घाऊक व्यापाऱ्याच्या पावतीवर ३९२४ पाहावयास मिळतो.