टर्बोचार्जरयुक्त एंजिनातील जुन्या पिस्टनांचा पुनर्वापर
इंदापूर तालुक्यातील कळससारख्या गावी ट्रॅक्टरचे एंजिन उघडले की जुना पिस्टन पुन्हा बसवावा काय, हा प्रश्न खर्चामुळे उपस्थित होतो. त्याचे उत्तर मापनावर अवलंबून आहे. अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचे औष्णिक प्रसरण बिडाच्या जवळजवळ दुप्पट असते. म्हणून पिस्टन व सिलिंडर यांतील फट निर्मात्याने ठरविलेल्या मर्यादेतच असावी लागते. सिलिंडर आतून कातून मोठा केल्यास मूळ मापाचा पिस्टन निरुपयोगी ठरतो. टर्बोचार्जरमुळे दाब व उष्णता वाढतात. त्यामुळे वरच्या रिंगेची खाच झिजलेली असल्यास, अथवा माथ्यावर वा पिनेजवळ सूक्ष्म तडा आढळल्यास, पिस्टन त्याज्य समजावा. संपीडन कमी करण्यासाठी माथा कातलेल्या पिस्टनची उरलेली जाडीही तपासणे अगत्याचे होय. कारण पातळ माथा फुटल्यास वाचविलेल्या किमतीहून एंजिनाची हानी कितीतरी अधिक होते.