सारिवा : ओळख, भेसळ व जतन

सारिवेचा उपयोग आपण सर्वच वैद्य नित्य करतो. दाहप्रशमन, ज्वरघ्न, वर्ण्य व रक्तशोधक अशी तिची ख्याती आहे. चरकांनी तिची गणना दाहप्रशमन महाकषायात, तर सुश्रुतांनी वल्लीपंचमूळात केली आहे. परंतु रुग्णाच्या हाती पडलेले मूळ खरोखर सारिवेचेच आहे काय, याचा विचार क्वचितच होतो. म्हणून हा लेखप्रपंच.

श्वेत सारिवा म्हणजे हेमिडेस्मस इंडिकस, आपली अनंतमूळ अथवा उपळसरी. पूर्वी ती अर्ककुलात गणली जाई. आता ते कुल करवीरकुलात समाविष्ट झाले आहे. वर्धा जिल्ह्यातील पानझडी रानात ही सडपातळ वेल झुडपांवर चढलेली दिसते. पाने समोरासमोर, बहुधा मध्यशिरेलगत पांढरट पट्टा असलेली. एकाच वेलीवर अरुंद व रुंद पाने आढळतात. फुले लहान, बाहेरून हिरवट व आतून जांभळट.

कृष्ण सारिवा म्हणून क्रिप्टोलेपिस बुकॅनानी व इक्नोकार्पस फ्रुटेसेन्स या दोन वेली व्यवहारात आहेत. त्यांच्या मुळांना अनंतमुळासारखा सुगंध नसतो. मात्र केवळ सुगंधावर विसंबू नये. दक्षिणेतील डेकालेपिस हॅमिल्टोनी या वेलीच्या मुळांनाही तसाच वास येतो, कारण दोहोंतील सुगंधी द्रव्य एकच आहे. ती मुळे अनंतमूळ म्हणून बाजारात विकली जातात. ती जाड व मांसल असतात. खरे अनंतमूळ बारीक, वेडेवाकडे, गडद तपकिरी, आडव्या भेगांचे व आत काष्ठमय असते. म्हणून चूर्ण न घेता अखंड मूळ घ्यावे, मोडून पाहावे, हुंगावे, मगच कुटावे. सुगंधी अंश उडून जाणारा असल्याने फार काळ उकळण्यापेक्षा फांट करणे आम्हांस युक्त वाटते.

दुसरा प्रश्न जतनाचा. मूळ खणले की बहुधा वेलच नष्ट होते. बोर अभयारण्यास १९७० मध्ये व व्याघ्र प्रकल्पास २०१४ मध्ये मान्यता मिळाली. तेथून विनापरवाना वनस्पती काढता येत नाही. बाहेरच्या रानावर व बांधांवर मात्र भार पडतो. तेव्हा संग्राहकाने काही मुळे जमिनीत राखावीत, फळे तडकून कापसाळ बिया उडाल्यानंतरच खणावे. छाटांपासूनही ही वेल लावता येते. प्रत्येक वैद्याने कुंपणालगत चार वेली लावल्या, तर खात्रीचे द्रव्य हाताशी राहील आणि विद्यार्थ्यांना ओळखही पटेल. द्रव्यच अन्य असेल, तर गुणाची अपेक्षा कोणत्या आधारे करावी?